विचारायला उरलेली माणसं

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात मी व्याख्यान द्यावं असं ठरलं, तेव्हा विषय मीच निवडला आणि तो बदलायला ठाम नकारही दिला. मंडळाच्या अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, जरा हलकंफुलकं काही नाही का? मागच्या खेपेला उकडीच्या मोदकांचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, तर बसायला जागा नव्हती."

मी म्हटलं, "हे अफाट विश्व आपल्यासारख्या विचार करणाऱ्या जिवांना इतकं सोयीचं कसं, हा माझा विषय. मोदकांपेक्षा गोड आहे. बघाच तुम्ही."

त्या हसल्या आणि विषय राहिला.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नवरा विमा कंपनीत अधिकारी. त्याच्या बदलीमुळे आम्ही इथे आलो, वैशाली नगरात घर घेतलं, मुलगी इथल्याच शाळेत वाढली, आणि परत जायचा विषय हळूहळू घरात निघेनासा झाला. सासूबाई गेल्यावर सासरेही साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे आले. याचं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं. नणंद पुण्यात, तिचं घर मोठं, हवा चांगली. बाबांना तर उन्हाळा मुळीच सोसत नाही. पण त्यांनी ट्रंक भरली आणि म्हणाले, "मी जयपूरला जाणार." कारण कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. बाबा फौजेतले. सगळी नोकरी इंजिनिअर्समध्ये काढलेली, रस्ते आणि पूल बांधत. जेवताना पाठ ताठ, बोलणं मोजकं.

व्याख्यानाची तालीम मी जेवणाच्या टेबलावर करायची आणि श्रोते म्हणून एकटे बाबा असायचे. मी सांगायची की गुरुत्वाकर्षण आहे त्याहून बरंच जोरदार असतं तर तारे भराभर जळून विझले असते, त्यांच्याभोवतीच्या ग्रहांवर जीव उमलायला वेळच मिळाला नसता. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात शिजतो. तिथलं गणित जरा इकडचं तिकडे झालं असतं तर कार्बन नावालाच उरला असता. मग ना झाड, ना मुंगी, ना आपण.

"म्हणजे कोणीतरी मोजून मापून बसवलंय," बाबा म्हणायचे.

"तसं वाटतं खरं. पण तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही."

"का नाही?"

"बाबा, आपण वाळवंटातून जीपने जातो तेव्हा गाव कुठे लागतं? जिथे पाणी आहे तिथे. गावातल्या माणसाला वाटेल, काय नशीब, नेमकं आपल्या गावाला पाणी! पण पाणी नसतं तिथे गावच नसतं, आणि नशिबाचं नवल करायला माणूसही नसतो. विश्वाचंही तसंच. जिथे विचारणारा तयार होऊ शकतो, तिथेच प्रश्न विचारला जातो. मग त्याला भोवतालचं सगळं सोयीचं दिसणारच."

हे ऐकलं की ते गप्प व्हायचे, ताट उचलून बेसिनमध्ये ठेवायचे आणि गच्चीवर जायचे. पटलं म्हणून गप्प झाले असं मी धरून चालले होते.

व्याख्यानाच्या रविवारी बनी पार्कातला हॉल बऱ्यापैकी भरला. बँकेतली, विम्यातली कुटुंबं होती, छावणीतून काही फौजी जोडपी आली होती. कॉलेजात जाणारी मुलंही होती, ज्यांना मराठी समजतं पण बोलताना अडखळायला होतं. मी रंगात होते. विषय माझ्या हातातला होता आणि लोक ऐकत होते. गावाचं आणि पाण्याचं उदाहरण दिल्यावर माझी मुलगी मागून म्हणाली, "मतलब, पाणी आपल्यासाठी नाही आलं, आपण पाण्यापाशी आलो?" मी म्हटलं, "अगदी बरोबर." आणि मग त्याच ओघात मी पुढे गेले. "एखाद्या अपघातातून वाचलेला माणूस विचारतो, मीच कसा वाचलो? पण न वाचलेला विचारायला नसतोच. म्हणून 'मी वाचलो' एवढ्यावरून त्यात चमत्कार शोधायचं कारण नाही."

तिसऱ्या रांगेतून बाबा उभे राहिले.

"मॅडम, एक शंका."

लोक हसले. ते माझे सासरे आहेत हे बहुतेकांना माहीत होतं. मीही हसले आणि म्हटलं, "विचारा ना."

"मी तरुण लेफ्टनंट होतो तेव्हाची गोष्ट आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचाच, पण हॉलमधली कुजबूज थांबली. "उत्तरेला, उंचावर. बर्फात रस्ता उघडा ठेवायचं आमचं काम. उतारावर दोन तंबू होते, एक माझा, एक जवानांचा. सकाळी चहा व्हायच्या आधी वरून बर्फ सुटलं. आवाज ऐकू आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. माझा तंबू जागच्या जागी. दोऱ्यासुद्धा ताठ. शेजारचा तंबू नव्हताच." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे, मी वाचलो म्हणून मी विचारतोय. कबूल. हे मला तेव्हाही कळत होतं. पण एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. ते व्हायला हवं होतं का?"

घरात या घटनेबद्दल आम्हाला एकच वाक्य माहीत होतं, 'बाबा एकदा बर्फातून वाचले होते.' नवऱ्यालाही त्याहून जास्त ठाऊक नव्हतं. तो पहिल्या रांगेतून वळून वडिलांकडे बघत होता. खरं सांगते, मला घाबरायला झालं नाही, उलट फार मोकळं वाटलं. विद्यार्थ्याने विचारावा म्हणून वर्षानुवर्षं वाट बघावी, असा प्रश्न कोणीतरी विचारला होता.

"नाही," मी म्हटलं. "व्हायला नको होतं. कारण इथे प्रश्न दोन आहेत. विचारणारा जिवंतच सापडणार, ह्यात नवल नाही. हा एक. पण बर्फ तुमच्या तंबूला वळसा घालून का गेलं, हा दुसरा. तो तुमच्याबद्दलचा प्रश्नच नाही, डोंगराबद्दलचा आहे. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा मिटत नाही. त्याचं उत्तर डोंगरावर जाऊन शोधावं लागेल."

"शोधलं," बाबा म्हणाले.

"काय सापडलं?"

"पुढच्या उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर गेलो. माझ्या तंबूच्या वरच्या अंगाला डोंगरातून खडकाची एक धार बाहेर आलेली होती. नांगराच्या फाळासारखी. हिवाळ्यात ती पूर्ण झाकलेली. आम्हाला वरून सगळं सारखंच पांढरं दिसत होतं. सुटलेलं बर्फ त्या धारेवर दुभंगलं. माझा तंबू तिच्या आडोशाला होता, त्यांचा नव्हता." आणि मग, जणू वेळ घेतल्याबद्दल माफी मागावी तसं, "बस, एवढंच. तुमचं चालू द्या," म्हणून ते खाली बसले.

मी पुढे बोलले. विश्वाच्या बाबतीत बर्फ अजून वितळलेलं नाही, असं मी सांगितलं. कोणी म्हणतं विश्वं असंख्य आहेत आणि त्यातल्या जीव जगू शकेल अशा एका विश्वात आपण आहोत. कोणी म्हणतं खोलवर एखादा नियम आहे ज्यामुळे गुरुत्वाकर्षणाच्या जोरासारखे आकडे असेच येणं भाग आहे. कोणी निर्माता मानतं. पुरावा अजून कोणाच्याच हातात नाही, पण शोधू नका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. टाळ्या पडल्या. चहा-चिवड्याच्या वेळी एका तरुण मेजरने बाबांना नुसता सॅल्यूट ठोकला.

नवरा आणि मुलगी सामान आवरायला थांबले. बाबांना घेऊन मी घरी निघाले. गाडी मीच चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "तू उत्तर बरोबर दिलंस. पण मी का वाचलो हा माझा प्रश्न कधीच नव्हता."

"मग?"

"तो मला विचारला गेला होता."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या तंबूतल्या प्रत्येक जवानाच्या घरी ते जाऊन आले होते. कोणी रडलं, कोणी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. एका हवालदाराचं घर बगरूला होतं, इथून पश्चिमेला, अजमेरच्या रस्त्यावर. कापडावर ठसे मारून छपाई करणारं घराणं. हवालदाराची बायको कोवळी होती, कडेवर तान्हा मुलगा. ती रडली नाही. सरळ विचारलं, "साब, आप कैसे बच गए?"

"रागाने?" मी विचारलं.

"नाही गं. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एका डोंगरावर दोन तंबू, एक राहतो, एक जातो, हे कसं. खडकाचं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी तसाच उठून आलो. खडक त्यानंतर बघितला, तो तिच्याचसाठी. पण सांगायला गेलो नाही. नवरा गेलेल्या बाईला जाऊन काय सांगायचं, दगडामुळे वाचलो?"

सिग्नल सुटला होता. मागचा हॉर्न वाजवत होता. मी गाडी पुढे घेतली आणि म्हटलं, "म्हणून तुम्ही जयपूरला आलात."

त्यांनी सीटबेल्ट चाचपला. मग म्हणाले, "आलो, पण बस स्टँडवरून परत फिरतो. दोनदा तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलोय."

"पुढच्या रविवारी आपण जाऊ."

"तिला ते ऐकायचं नसेल तर?"

"तिने विचारलंय, बाबा. ज्याने विचारलं त्याला उत्तर मिळायला पाहिजे. ऐकायचं की नाही ते ती ठरवेल."

याबाबतीत माझ्या मनात शंका नव्हती, आजही नाही.

बगरूत घर शोधायला त्रास पडला नाही. छपाईवाल्यांच्या मोहल्ल्यात एका माणसाने हात करून दाखवलं. मोकळ्या जागेत छापलेलं कापड उन्हात पसरलेलं होतं, तांबडं आणि काळं, मधून चालायला अरुंद वाट. हवालदाराचा तो तान्हा मुलगा आता पोटाकडे सुटलेला, केस विरळ झालेला गृहस्थ होता. त्याने खुर्च्या आणल्या, आईला हाक मारली. त्या बाहेर आल्या. उंच होत्या, बोटं कापडाला लावायच्या हिरड्याच्या रंगाने पिवळसर झालेली. बाबा उभे राहिले आणि आपण कोण ते सांगू लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"आप वही हो," त्या म्हणाल्या. "पानी पिए बिना चले गए थे."

त्यांनी सुनेला सांगून पाणी आणवलं आणि बाबांचा पेला रिकामा होईपर्यंत उभ्याच राहिल्या. मग समोर बसल्या.

बाबांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली, पण उताराचं वर्णन करताना शब्द अपुरे पडायला लागले. अंगणात बांधकामाची वाळू पडलेली होती. त्यांनी मुलाकडे एक पाट मागितला, तो वीट लावून तिरका ठेवला. मग छपाईचा एक जुना, झिजलेला लाकडी ठसा घेतला आणि पाटाच्या मध्यावर कोपरा वर करून धरला. "ये पत्थर. ये मेरा तंबू," म्हणून ठशाच्या खालच्या बाजूला एक खडा ठेवला. शेजारी दुसरा खडा ठेवला. "ये उनका." आणि वरून मूठभर वाळू सोडली. वाळू ठशाच्या कोपऱ्यावर फुटली. एक खडा राहिला. दुसरा वाळूबरोबर घसरत खाली आला आणि झाकला गेला.

मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या पाटाकडे बघत होत्या.

"ये पत्थर आपको दिखता था?"

"नहीं. ऊपर बर्फ थी. किसी को नहीं दिखता था. जहाँ ज़मीन सीधी मिली, वहाँ तंबू लगा दिए."

"इधर आप, उधर वो, ये किसने तय किया?"

"किसी ने नहीं. जो पहले पहुँचा उसने पहला तंबू गाड़ दिया."

त्यांनी झाकला गेलेला खडा बोटाने वाळूतून मोकळा केला. मग म्हणाल्या, "तो किसी ने छाँटा नहीं?"

बाबांना त्या शब्दाचा रोख लगेच कळला नाही. मला कळला: कोणी निवडून ठेवलं-नेलं नाही ना, असं त्या विचारत होत्या. त्या बाईंनी मग जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. लोक समजूत घालायला यायचे. कोणी म्हणायचं, देव चांगल्यांना आधी नेतो. कोणी म्हणायचं, साहेबाला देवाने काही कामासाठी राखलं असेल. त्यांचं बोलणं प्रेमाचं होतं. पण या दोन्हींचा अर्थ बाईंनी असा लावला होता की देवाने वरून दोन्ही तंबू नीट पाहिले आणि पाहून, ठरवून, याला ठेवलं आणि त्याला नेलं. मग त्याच्यात, किंवा आपल्यात, असं काय कमी होतं? मूल वाढवताना, कापड धुताना, रंग उकळताना हाच विचार. तान्हं मूल कडेवर असलेल्या बाईचा नवरा कोणी ठरवून कसा नेईल, असं त्यांना कधी वाटायचं, आणि मग तसं वाटलं याचीच भीती वाटायची.

त्या माझ्याकडे वळल्या. "आप पढ़ाती हो. आप बताओ, ये सच है?"

"सच है," मी म्हटलं. "किसी ने नहीं छाँटा. पत्थर था, और बर्फ थी."

त्यांनी मान हलवली. मग वाकून वाळू पाटावरून झाडली, दोन्ही खडे परत जागेवर ठेवले, ठसा उचलला आणि दुसऱ्या खड्याच्या वर धरला. वाळूची मूठ भरून स्वतः सोडली. या वेळी हवालदाराचा खडा राहिला आणि बाबांचा गेला. त्या बघत राहिल्या. बाबाही बघत राहिले. मुलगा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

"ऐसे भी हो सकता था," त्या म्हणाल्या.

"हाँ जी," बाबा म्हणाले. "बिलकुल हो सकता था."

मला वाटलं आता त्यांना रडू येईल. आलं नाही. त्यांनी हात झटकले आणि सुनेला सांगितलं की पाहुणे जेवून जातील. आम्ही नको म्हणायला तोंड उघडलं, पण काही उपयोग झाला नाही. जेवताना त्या हवालदाराबद्दल बोलल्या. बाबाही बोलले. हवालदार तंबूत कोणाचंही फाटलेलं शिवून द्यायचा, आणि टाका वाकडा आला तर उसवून परत घालायचा, हे बाबांनी सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "घर में तो बटन भी मैं लगाती थी."

हे विश्व आपल्यासाठीच मांडलं आहे, या कल्पनेत मोठा दिलासा आहे असं लोक मला व्याख्यानानंतर सांगतात. असेल. पण तो दिलासा आडोशाला उभं राहिलेल्यांचा आहे. जे त्या धारेच्या पलीकडे होते, त्यांच्या घरच्यांना त्याच कल्पनेची कसली टोचणी लागते, ते मी त्या अंगणात पाहिलं. कोणी न निवडलेल्या विश्वात राहायला मला एकटं वाटत नाही. आपण इथे आहोत, ही जागा आपल्याला जगू देते, आणि त्याबद्दल आपण एकमेकांना विचारू शकतो. मला एवढं पुरतं, आणि विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगते, आवाज जराही न दबवता.

परतीच्या वाटेवर बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या असंख्य विश्वांपैकी एखाद्यात तो असेल का गं? हवालदार?"

"असला तरी तिथे जायची वाट नाही, बाबा. आणि ती विश्वं आहेत की नाहीत तेही अजून कोणाला माहीत नाही."

"मग अशी कल्पना मांडतात कशाला?"

"मांडल्याशिवाय खोटं आहे का खरं, ते कळणार कसं?"

"हं," म्हणून त्यांनी खिडकीची काच वर केली आणि डोळे मिटले.

आता ते बगरूला एकटेच जातात, बसने. उन्हाळ्यातसुद्धा. नणंद फोनवर माझ्यावर ओरडते की या वयात त्यांना जाऊ कसं देतेस. मी तिला म्हणते, तू येऊन थांबवून बघ. श्रावणातल्या तीजेच्या सणाला त्या बाई मुलासोबत आमच्याकडे आल्या, तीजेची मिठाई, घेवर, घेऊन. संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर बसलो होतो. शुक्र दिसायला लागला होता. त्यांनी बोट करून विचारलं, "वहाँ भी ऐसा ही है? पानी, हवा?"

मी सांगितलं की नाही, तिथे शिसं वितळेल इतका उकाडा आहे. मग मंगळाचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं, ताऱ्यांच्या मधल्या गोठलेल्या, रिकाम्या पोकळीचं सांगितलं. जवळजवळ सगळीकडे आपण क्षणभरही टिकणार नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला.

"फिर तो यहीं ठीक है," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मुलीला हाक मारून सांगितलं, "बेटी, अगली बार अदरक ज़्यादा डालना."